घर बघायला येणार आहेत

कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की मी आधी भिंती बघते. माणसं बोलत असतात, या म्हणतात, बसा म्हणतात, आणि माझी नजर त्यांच्या खांद्यावरून मागे जाते. बरीच वर्षं एका जागी असलेली वस्तू हलवली की तिच्यामागचा रंग उजळ राहतो. रिकामा खिळा राहतो. ही सवय चांगली नाही, हे मला माहीत आहे. पण ती कुठून लागली हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

मी निपाणीची. आई विड्या वळते, वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करतात. दोघांपैकी कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही. मला दहावीला बरे गुण मिळाले तेव्हा आमच्या मोठ्या बाईंनी बंगळूरच्या काही मराठी मंडळींनी चालवलेल्या शिक्षणनिधीकडे माझा अर्ज पाठवला. निधीचा नियम असा, की मदत देण्याआधी घर बघायचं. एक दिवस निरोप आला, रविवारी घर बघायला येणार आहेत. आमच्या गल्लीत मुलगी बघायला येतात. घर बघायला कुणी कधी आलं नव्हतं.

आमच्याकडे मामानं दिलेला जुना टीव्ही होता. आईनं तो शनिवारीच शेजारच्या काकींकडे नेऊन ठेवला आणि वरून गोधडी टाकली. मिक्सर तांदळाच्या डब्यात गेला. कानातलं काढून तिनं पदराच्या गाठीत बांधलं. मला म्हणाली, "विचारलं तर बोलायचं. न विचारता तोंड उघडायचं न्हाई." टीव्हीमागे भिंतीवर स्वच्छ चौकोन उमटला होता. तिनं त्यावर कॅलेंडर लावलं, पण कॅलेंडर लहान पडलं. पाहणीला आलेल्या बाई पंधरा मिनिटं बसल्या, चहा नको म्हणाल्या, पाणी प्यायल्या. तेवढा वेळ मी कॅलेंडरच्या बाहेर आलेली पट्टी बघत होते. त्यांना ती दिसली की नाही, मला कळलं नाही. मदत मात्र मिळाली. त्याच मदतीवर अकरावी-बारावी झाली आणि मी बंगळूरला बी.कॉम.ला आले.

आम्ही गरीब नव्हतो असं नाही. टीव्ही असतानाही होतो आणि नसतानाही होतो. पण चौकोन माझ्या डोक्यात राहिला.

निधीचं काम बसवनगुडीत राहणारे एक काका बघतात. मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चाळीसेक वर्षं इथे काढल्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड शब्द सहज येऊन बसतात. त्यांच्या दिवाणखान्यात दोन लोखंडी कपाटं आहेत आणि त्यांत आम्हा सगळ्या मुलामुलींच्या फायली. दुसऱ्या वर्षापासून आम्हीही काम करायचं असतं. ज्यांना मदत मिळाली त्यांनीच नव्या मुलांची घरं बघायला जायचं.

"जो त्यातून गेलाय त्याला फसवणं अवघड," काका म्हणायचे.

ते किती खरं बोलत होते हे त्यांना ठाऊक नव्हतं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. दोन घरं मी पाहिली आणि दोन्ही ठिकाणी काहीतरी लपवलेलं मला दिसलं. एका ठिकाणी गॅलरीत चादरीखाली वॉशिंग मशीन होतं. काका खूश झाले. मी झाले नाही, पण तसं बोललेही नाही.

तिसरा अर्ज आठवीतल्या एका मुलीचा होता. कुटुंब सांगली जिल्ह्यातलं, राहायला चिकपेटच्या मागच्या बाजूला एका गल्लीत. मुलगी नववीत जाणार होती. फी भरता आली नाही तर तिला गावी आजीकडे पाठवायचं घरात ठरलं होतं. आता गावातली शाळा मराठी आणि ही पोर पहिलीपासून इथं कन्नड-इंग्रजीत शिकलेली. मराठी बोलायची घरात, पण लिहायला तिला येत नव्हतं. म्हणजे गावी जाणं याचा अर्थ शाळा संपणं, हे अर्जावर तिच्या शाळेच्या शिक्षिकेनं स्पष्ट लिहिलं होतं.

काकांचं बोट मात्र दुसऱ्याच ओळीवर होतं.

"वडिलांचा व्यवसाय वाच."

"सोने गाळणे."

"सोनं गाळतात म्हणे! आणि मुलीची फी भरता येत नाही. काय गं, आपण सोनारांना दान द्यायचं का आता?"

मी म्हटलं, "काका, आमच्या भागात ऐकलंय मी. तिकडची पुष्कळ माणसं हे काम करायला बाहेर जातात. भट्टी दुसऱ्याची असते."

"असेलही. नसेलही. नीट बघून ये. थोडं, स्वल्प खोलात जाऊन बघ."

मी फोन करून दिवस ठरवला. फोनवर मुलीची आई होती. "या की ताई, अगदी या," असं तीन वेळा म्हणाली. इतकं स्वागत मला खटकलं.

घर दुसऱ्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की वरून कुणी आलं तर खालच्यानं थांबावं लागतं. खालच्या दुकानातून कापडाच्या गाठी ओढल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. दार उघडं होतं, दाराला नवा पडदा. आत एक खोली, पण खोलीत चार नव्या प्लास्टिकच्या खुर्च्या, एकमेकींना खेटून. भिंतीवर मोठं घड्याळ. टेबलावर मिक्सर, त्यावर क्रोशाचं झाकण. मुलगी परकर-पोलक्यात उभी, केसांत अबोलीचा गजरा, आणि कानांत सोन्याचे झुबे.

मी भिंती पाहिल्या. कुठेही उजळ चौकोन नव्हता. काहीही काढून नेलेलं नव्हतं. म्हणजे यांनी लपवण्याचेही कष्ट घेतले नव्हते. खरं सांगते, मला राग आला. आमच्या आईनं कानातलं पदरात बांधलं होतं, आणि इथे झुबे घालून पोरगी समोर उभी केली होती. मला वाटलं, हे लोक आपल्याला कोण समजतात?

"बसा की ताई. ह्या खुर्चीवर बसा, ही चांगली हाय," आई म्हणाली.

"घरात कोण कोण असतं?"

"आमी तिघंच. हे भट्टीवर गेल्यात. मालकाची भट्टी हाय, आमचं काय न्हाई त्यात. आता खोकल्यानं निम्मे दिवस घरीच असत्यात. मालक म्हंतो, जेवढे दिवस तेवढा पगार."

हे ती पाठ केल्यासारखं बोलली. मी मुलीकडे वळले.

"कुठला विषय आवडतो?"

"गणित," ती म्हणाली, आणि आईकडे बघितलं.

"गावी गेलीस तर?"

तिनं पुन्हा आईकडे बघितलं. आईनं डोळ्यांनी काहीतरी खुणावलं. तेही माझ्या नजरेतून सुटलं नाही. मी वहीत लिहिलं: खुर्च्या चार, नव्या. मिक्सर. घड्याळ. कानात सोनं. उत्तरं शिकवलेली.

मग पोहे आले. नको म्हटलं तरी आले. काका सांगतात, पाहणीला गेल्यावर काही खायचं नाही. पण ती बाई ताट घेऊन समोर उभीच राहिली. "गार होत्यात, घ्या की. उपाशी गेलात तर मला बरं वाटंल का?" म्हणून मी खायला लागले. ताट जड होतं, चकचकीत. चार घास गेल्यावर पोह्यांखालून अक्षरं निघायला लागली.

आपल्याकडे ताटावाट्यांवर नावं घालतात. भांडी घेतली की दुकानातच टोचून घेतात, म्हणजे लग्नाकार्यात कुणाची कुठे जायला नको. माझ्या ताटात एक आडनाव होतं, ते या घराचं नव्हतं. पाण्याच्या पेल्यावर कन्नड अक्षरं होती. चहाची बशी ज्या थाळीत आली तिच्यावर कुणाच्या तरी वास्तुशांतीचं लिहिलेलं, खाली तिसरंच आडनाव.

इथेही माझ्या मनात आधी वाईटच आलं. मला वाटलं, हे लोक सगळीकडून काहीबाही मिळवत असतील. एका ठिकाणाहून भांडी, दुसरीकडून खुर्च्या, आणि आता आमच्याकडून फी. असे लोक असतात. काका सांगतात तसे.

तेवढ्यात दारातला पडदा बाजूला झाला. शेजारच्या बाई होत्या, वयस्क, कन्नड बोलणाऱ्या. मला त्यांनी पाहिलं नसावं. "आयता, अक्का?" झालं का, असं त्यांनी विचारलं, आणि पुढे म्हणाल्या की घरी जावई आलाय, दोन खुर्च्या तरी दे. मग मी दिसले. बाईंनी जीभ चावली आणि पडदा सोडून दिला.

मला कन्नड येतं हे मुलीच्या आईला माहीत नव्हतं. ती घाईघाईनं म्हणाली, "शेजारीण हाय. उगं इचारपूस करती."

मी मान हलवली. ताटातले पोहे संपवले. खाली पूर्ण नाव दिसलं. वर बघवेना, म्हणून मी तेच वाचत बसले.

जिना उतरताना मला सगळं समजलं होतं. त्या बाईकडे पाहुणी येणार होती. शिकलेली, बसवनगुडीच्या मोठ्या लोकांनी पाठवलेली. घर बघायला येणार म्हटल्यावर तिनं तेच केलं, जे तिला माहीत होतं. घर दाखवण्यासारखं केलं. गरिबी बघायला कुणी येतं, हे तिच्या मनातच आलं नव्हतं. आमच्या आईला ते कुणी न सांगता कळलं होतं. या बाईला नाही कळलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना सगळं सांगितलं. वहीतली यादी वाचली आणि मग म्हटलं, "पण काका, हे सगळं उसनं होतं."

काकांनी चष्मा वर सरकवला. "उसनं? म्हणजे?"

"शेजाऱ्यांकडून आणलं होतं. मी येणार म्हणून. ताटांवर नावं होती."

"बाळ, गरिबी उसनी आणणारे मी पुष्कळ पाहिलेत. श्रीमंती उसनी कोण आणतं? तीही मदत मागताना?"

"पाहुण्यांसाठी, काका."

"आणि कानातलं? तेही शेजारणीचं?"

ते मला माहीत नव्हतं.

"तुला दया आली. ते चांगलंय. पण दयेनं निधी चालत नाही. एकाला चुकून दिलं की दुसरा खरा गरजू राहतो. एकच जागा उरलीय या वर्षी."

त्या वेळी मला बोलता आलं असतं. काका, आमच्या घरी आला होतात तुम्ही लोक, तेव्हा आमच्या आईनं टीव्ही शेजारी ठेवला होता. ज्याला फसवायचं असतं तो काय करतो ते मला माहीत आहे. तो हे करत नाही. एवढं म्हटलं असतं तर त्यांना पटलं असतं, असं मला आजही वाटतं. पण माझी शेवटच्या वर्षाची फाईल त्याच कपाटात होती. तिच्यावर अजून सही व्हायची होती. मी तोंड उघडलं नाही. न विचारता बोलायचं नाही, हे मला पक्कं शिकवलेलं होतं.

"सरी, ठीक आहे," काका म्हणाले. "रविवारी आपण दोघं जाऊ. न सांगता."

"फोन तरी करू या का सकाळी?"

"कशाला? पुन्हा खुर्च्या गोळा करायला?"

त्यांनी विनोद म्हणून म्हटलं. मी हसलेसुद्धा.

रविवारी आम्ही मेट्रोनं गेलो. जिन्यात काका दोनदा थांबले, गुडघ्यामुळे. दाराला पडदा नव्हता. आत मुलीची आई जमिनीवर बसून कपडे घासत होती, अंगात खांद्यावर उसवलेला गाऊन. काकांना पाहिल्यावर ती ओल्या हातांनीच उठली, वलणीवरचा टॉवेल ओढून अंगावर घेतला आणि तशीच उभी राहिली. खोली मोठी वाटत होती, कारण तिच्यात काहीच नव्हतं. घड्याळाच्या जागी खिळा. मुलीचे वडील भिंतीला टेकून बसले होते आणि उठायला बघत होते, पण खोकल्यानं उठता येत नव्हतं. मुलगी कोपऱ्यात वही घेऊन बसलेली. तिच्या कानांत, भोकं बुजू नयेत म्हणून घालतात तशा, केरसुणीच्या दोन काड्या होत्या.

काकांनी त्या पाहिल्या. मग माझ्याकडे पाहिलं.

बसायला खुर्ची नव्हती. आईनं तांदळाचा पत्र्याचा डबा पुढे केला, त्यावर चादर घडी करून घातली. काका त्यावर बसले. पाणी पोचा पडलेल्या तांब्यातून आलं, पेला एकच. त्यावर कुणाचंही नाव नव्हतं.

काकांनी वडिलांचे हात बघायला मागितले. बोटं पिवळी-तपकिरी, नखं कडेला खाल्लेली.

"तेजाब?"

"व्हय साहेब. सोनं साफ करायला लागतं. वाफ येती."

"तोंडाला काही बांधता?"

"फडकं बांधतो."

"ओलं करून?"

"न्हाई. ओलं केलं की श्वास घेता येत न्हाई."

काका कारखान्यातले जुने माणूस. त्यानंतर ते दहा मिनिटं वाफ, धुराडं आणि खिडकी यांबद्दलच बोलत राहिले. मुलीला त्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही गणिताचा. तिनं उत्तर दिलं आणि या वेळी आईकडे पाहिलं नाही.

निघताना काका पुढे झाले. मुलीच्या आईनं मला दारात थांबवलं. आवाज हळू, पण डोळे माझ्यावर रोखलेले.

"ताई, सांगून यायचं हुतं. एवढा मोठा माणूस, डब्यावर बसवला मी."

"मी म्हटलं होतं फोन करू..."

"त्या दिशीच मला वाटलं हुतं. तुमी सगळं बघत हुता. भिंती बघत हुता, पोरीचे कान बघत हुता, वहीत लिवत हुता. मी ह्यांला म्हटलं, पोर पसंत पडली न्हाई. ही बाई काय तरी शोधायला आलीया."

ते खरंच होतं. मी म्हटलं, "होईल काम." ती म्हणाली, "हूं," आणि आत गेली.

खाली रस्त्यावर आल्यावर काका म्हणाले, "तू बरोबर होतीस. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला पटत नाही, काय करू?" मग थोडं चालल्यावर म्हणाले, "ते झुबे तरी कुणाचे गं होते?" मला माहीत नव्हतं. त्यांनी विचारायला नको होतं, असं मला वाटलं, आणि मग वाटलं, मीही तेच विचारत होते की मनातल्या मनात.

त्या शेवटच्या जागेवर तिचं नाव लागलं. माझ्या फायलीवरही सही झाली. शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात काकांच्या घरी नेहमीप्रमाणे वह्या-पुस्तकं वाटायचा कार्यक्रम होता. दिवाणखान्यात काका यादी घेऊन बसलेले, आणि आम्ही दोघीतिघी आतल्या खोलीच्या दाराशी गठ्ठे बांधत होतो. त्या माय-लेकीही आल्या. आईनं मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मुलगी मात्र माझ्याजवळ येऊन गठ्ठ्याला सुतळी धरायला लागली. तिच्या कानांत अजून काड्याच होत्या.

"ताई, तुमालापण इथनंच मिळतंय ना?"

"हो."

"मग तुमच्या घरीपण बघायला आले हुते?"

"आले होते."

"तुमच्या आईनं कुणाची ताटं आणली?"

मी सुतळीची गाठ मारत होते. पुढे दिवाणखान्यात काका कुणाशी तरी बोलत होते. मी म्हटलं, "ताटं नाही आणली. टीव्ही लपवला."

"आँ?"

"शेजारी नेऊन ठेवला. वर गोधडी टाकली. आणि मिक्सर तांदळाच्या डब्यात."

ती इतक्या जोरात हसली की सगळ्यांनी वळून बघितलं. "आई! आई, ऐक की! ताईंच्या आईनं टीव्ही लपवला!"

तिची आई जवळ आली. पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट बघितलं. तोच रोखलेपणा, पण आता त्याच्यात माझी लबाडी पकडल्याचं थोडं समाधान होतं.

"लपवला? आन् गावला न्हाई कुणाला?"

"नाही."

"बघ बाई. आन् आमी येडे, गल्लीभर हिंडून गोळा करत हुतो. झुबं तर मालकिणीचं आणलं हुतं, ते हरवतंय का म्हणून मला रातभर झोप न्हाई." ती हसायला लागली, पदर तोंडावर धरून. "तुमच्या आईला सांगा म्हणावं, आदी भेटली असतीस तर बरं झालं असतं."

मीही हसले. आणि मग माझ्या लक्षात आलं, की दिवाणखान्यातला काकांचा आवाज थांबलाय.

मी वाकून बघितलं. ते खुर्चीत बसले होते, चष्मा हातात, यादी मांडीवर. ते आमच्याकडे बघत नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी चष्मा घातला आणि पुढचं नाव वाचलं.

त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलेलं नाही. त्यानंतर मी त्यांच्या घरी कितीतरी वेळा गेले. ते तसेच बोलतात, तसाच चहा देतात, नवे अर्ज माझ्यापुढे सरकवतात. फक्त आता मला पाहणीला पाठवताना "नीट बघून ये" असं म्हणत नाहीत. का म्हणत नाहीत, ते विचारायचं रोज ठरवते, आणि विचारलेलं नाही.